द्राक्षाचा मणी पोटात गेल्यावर...

बालमित्रांनो, दवाखान्यात कुणाला सलाईन लावलेलं पाहिलंय ना? आजारी माणसाला गळून गेल्यासारखं झालं, जेवण जाईना, की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "डॉक्टर, ग्लुकोजची एक बाटली लावता का?" या बाटलीतल्या ग्लुकोजचं आणि आमच्या पिंपळगाव बसवंतचं नातं आहे असं मी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, बाईंचं काहीतरीच! पण खरंच आहे. ग्लुकोज हे नाव मुळी द्राक्षावरून पडलेलं आहे.

१७४७ साली आंद्रेआस मार्गग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मनुकांमधून एक साखर वेगळी काढली. उसाच्या साखरेपेक्षा ती निराळी होती. पुढे १८३८ मध्ये फ्रान्समध्ये तिचं 'ग्लुकोज' असं बारसं झालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, द्राक्षाचा गोड रस. आपल्या मराठी पुस्तकांत तर तिला सरळ 'द्राक्षशर्करा' म्हटलेलं आढळतं. आता ग्लुकोज बनवतात ते बहुधा मक्याच्या स्टार्चपासून. पण नाव लागलं ते द्राक्षाचं!

आमचं पिंपळगाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत इकडे याल तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि क्रेट भरलेल्या गाड्या दिसतील. शाळेत त्या दिवसांत काय होतं म्हणून सांगू? निम्म्या मुलांचे खिसे चिकट असतात. मधल्या सुट्टीत डबा तसाच राहतो आणि द्राक्षं संपतात. मग दुपारच्या तासाला कुणीतरी पोट धरून बसतं. आणि प्रश्न तर विचारूच नका. "बाई, जास्त द्राक्षं खाल्ली की पोट का गुडगुडतं?" "बाई, आमच्या आजोबांना शुगर आहे. बाग आमची, पण त्यांनी द्राक्ष खायचं नाही, असं का?" "बाई, ज्यूस पिलं काय अन् द्राक्ष खाल्लं काय, पोटात गेल्यावर एकच ना?"

हा शेवटचा प्रश्न वाटतो सोपा, पण आहे मोठा नामी. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला द्राक्षाच्या एका मण्याबरोबर थेट पोटात उतरावं लागेल. पण त्याआधी थोडं बागेत जाऊ.

वेलीने आधीच केलेलं काम

ऑक्टोबर छाटणी झाली की काडीला नवे फुटवे येतात, त्यावर घड दिसू लागतात. सुरुवातीचा मणी टणक आणि आंबट. असा आंबट, की खाल्ला तर डोळे आपोआप मिटावेत! मग एक दिवस बागेतून फिरताना बागाईतदार मणी चिमटीत दाबून बघतो आणि म्हणतो, "पाणी उतरलं." म्हणजे मणी मऊ पडू लागला, आता त्यात गोडी भरणार.

ही गोडी येते कुठून? पानांतून. पानं उन्हात साखर तयार करतात. देठातून मण्यापर्यंत जी साखर येते तिचं नाव सुक्रोज. आपल्या चहात पडते तीच ही. सुक्रोज म्हणजे एक जोडगोळी आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान साखरा एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. द्राक्षाच्या मण्यात एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम, सजीवांच्या शरीरातली कात्री म्हणा. ही कात्री त्या दोघींचे हात सोडवते. म्हणून पिकलेल्या द्राक्षात सुक्रोज जवळजवळ नसतं. असतं ते सुटं ग्लुकोज आणि सुटं फ्रुक्टोज, साधारण निम्मं निम्मं.

ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

साखर किती भरली हे बघायला बागाईतदाराकडे रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी नळी असते. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत आकडा दिसतो. त्याला 'ब्रिक्स' म्हणतात. १८ ब्रिक्स आलं तर १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत, आणि त्यातली बहुतेक साखरच. तुमच्या ओंजळीत पंचवीसेक मणी असतील, तर ते होतात सुमारे १०० ग्रॅम आणि त्यांत साधारण १६ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे चार चमचे!

आंबा आढीत पिकतो, केळी घरात टांगून ठेवली की पिकतात. द्राक्षाचं तसं नाही. वेलीवरून घड तोडला, की त्याची गोडी तिथेच थांबली. म्हणून तर तोडणीच्या आधी ती नळी दहा वेळा डोळ्याला लावतात.

लांब साखळी, जोडी आणि सुटे

आता आंबा-केळीचं नाव निघालंच आहे, तर एक प्रयोग करू. घरात जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीनचं औषध असेल, तर आई-बाबांना विचारून त्याचे काही थेंब घ्या. कच्च्या केळ्याची एक चकती कापा आणि तिच्यावर थेंब टाका. काळानिळा डाग पडेल. मग पूर्ण पिकलेल्या, सालीवर ठिपके आलेल्या केळ्याच्या चकतीवर टाका. डाग फिकट पडेल. आता द्राक्षाचा मणी कापून त्यावर टाका. काळंनिळं होणारच नाही. (प्रयोगाचे तुकडे खायचे नाहीत हं! उचलून सरळ कचऱ्यात.)

आयोडीन काळंनिळं होतं ते स्टार्चमुळे. स्टार्च म्हणजे आपल्या पुस्तकातले पिष्टमय पदार्थ. शेकडो, हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडून केलेली लांबच लांब साखळी. कच्च्या केळ्यात मुख्यतः हीच असते. केळं पिकतं तसतशी ती तुटून साखर होते. पिकलेल्या आंब्यात सर्वांत जास्त सुक्रोज, म्हणजे आपली जोडगोळी. आणि द्राक्षात सुटे ग्लुकोज, सुटे फ्रुक्टोज. साखळी काय, जोडी काय, सुटे काय, सगळ्यांना मिळून म्हणायचं कर्बोदके. घराणं एकच, पण पोटात गेल्यावर प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

का? तर आपलं आतडं फार काटेकोर आहे. ते फक्त सुट्या साखरेला आत घेतं. साखळी किंवा जोडी दारात आली तर म्हणतं, आधी सुटे होऊन या!

म्हणून साखळी कापायला तोंडापासूनच सुरुवात होते. भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावून बघा, गोडसर लागायला लागतो. लाळेतली कात्री साखळी तोडत असते. जठरात गेल्यावर तिथल्या आम्लात लाळेची ही कात्री बोथट होते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून नवी, जोरकस कात्री येते आणि उरलेलं काम करते. सर्वांत शेवटच्या कात्र्या तर आतड्याच्या भिंतीलाच चिकटलेल्या असतात. सुक्रोजची जोडी तिथे, अगदी दाराशी, सुटी होते.

भाकरीला एवढं सगळं करावं लागतं. आंब्याला एकदाच कापावं लागतं. आणि द्राक्षाला? त्याच्या साखरेला काही कापावंच लागत नाही. वेलीनं ते काम शेतातच करून ठेवलंय. तुमच्या दातांनी साल फोडली, जठराने घुसळून पुढे ढकललं, की द्राक्षाची साखर दारात तयार उभी. थकलेल्या माणसाला द्राक्षं खाल्ल्यावर लवकर तरतरी येते ती त्यामुळे.

मिठाशिवाय न उघडणारं दार

लहान आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. टॉवेलवर कसे बारीक दोरे उभे असतात, तसे तिथे बोटांसारखे लाखो चिमुकले उंचवटे असतात. त्यांच्यावर साखर आत घेणारी दारं आहेत. ग्लुकोजचं दार तर मोठं मजेशीर आहे. ग्लुकोज एकटं आलं तर ते उघडत नाही. बरोबर सोडियम लागतं, म्हणजे मिठातला एक भाग. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे मिळून आत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी.

मग काय द्राक्षाला मीठ लावून खायचं? आमची मुलं आंबट द्राक्षांना मीठ-तिखट लावतात, पण ते जिभेसाठी! आतड्यातल्या पाचक रसात सोडियम असतंच, त्यामुळे दार उघडायला अडचण येत नाही. अडचण येते ती जुलाब लागल्यावर. तेव्हा पाणी आणि मीठ दोन्ही भराभर बाहेर जातं.

या दाराची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग शहरातल्या एका सभेत मांडली. कागदावर काढलेली एक आकृती, एवढंच. पण अकरा वर्षांनी आपल्या देशात तेच दार हजारो माणसांच्या उपयोगी पडलं. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. रोग्यांच्या शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ते पाणी रोग्यांना पाजायला सुरुवात केली. पाजायचं कुणी? आया, बहिणी, नातेवाईक, जो जवळ असेल त्यानं. छावणीत आधी शंभरातले वीस-तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि त्यांच्या मागे २०२३ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळणारं जलसंजीवनीचं पाकीट ते हेच. आजच्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय आणखी दोन क्षार. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण आई-बाबांनी जरूर लिहून ठेवावं. जुलाब लागल्यावर मुलाला ताकद यावी म्हणून फळांचा गोड रस पाजणं मात्र उलटं पडतं. त्यात साखर फार, मीठ नाही. जास्तीची साखर आतड्यात राहते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्याकडे ओढून घेते.

फ्रुक्टोजची अरुंद वाट

फ्रुक्टोजचं दार वेगळं. त्याला सोडियम लागत नाही, पण ते अरुंद. सावकाश आलात तर एकेकाला आत सोडतं, गर्दी केलीत तर रांग लागते. नुसतं फ्रुक्टोज एकदम २५ ते ५० ग्रॅम दिलं, तर बऱ्याच धडधाकट मोठ्या माणसांनासुद्धा ते सगळं आत घेता येत नाही. ग्लुकोज बरोबर असेल तर फ्रुक्टोज जरा सहज जातं. द्राक्षात दोघं बरोबरीने असल्यामुळे ते सफरचंदाच्या रसापेक्षा पोटाला सोपं. सफरचंदात फ्रुक्टोजचं पारडं जड असतं.

पण हिशेब करा. बागेत बसून एखाद्याने किलोभर द्राक्षं फस्त केली (आमच्याकडे असे बहाद्दर आहेत!) तर पोटात ऐंशीएक ग्रॅम फ्रुक्टोज गेलं. रांगेतलं उरलेलं फ्रुक्टोज तसंच वाहत मोठ्या आतड्यात जातं. तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांना ही आयती मेजवानी! ते साखर आंबवतात, वायू तयार होतो, पोट फुगतं आणि गुडगुडायला लागतं. ओढून घेतलेल्या पाण्यामुळे मग धावावंही लागतं. गंमत म्हणजे, त्या वायूतला थोडा हायड्रोजन रक्तात शिरून फुप्फुसांवाटे श्वासात येतो. डॉक्टर रोग्याला यंत्रात फुंकायला लावून त्याच्या आतड्यात फ्रुक्टोज शिल्लक राहतं का, हे ओळखू शकतात.

म्हणजे पोट गुडगुडतं ते द्राक्ष 'उष्ण पडलं' म्हणून नाही, की वर पाणी प्यायलात म्हणूनही नाही. दारात गर्दी झाली म्हणून.

मात्र त्या जिवाणूंना शत्रू समजू नका. फळाची साल, गरातले धागे, पेरूचा चोथा यांना कापणारी कात्री आपल्या शरीरात नाहीच. हा चोथासुद्धा कर्बोदकच आहे, साखळीच आहे, पण तिचा सांधा आपल्या कात्रीला तुटत नाही. जिवाणूंना तो बराचसा तोडता येतो. त्यातून जे आंबूस पदार्थ तयार होतात, त्यांच्यावर मोठ्या आतड्याची आतली भिंत पोसली जाते. जो भाग तुटत नाही तो पोट साफ ठेवतो.

एक चमचा रक्तातला

दारातून आत गेलेली साखर कुठे जाते? सरळ यकृताकडे. तिथे फ्रुक्टोजचा बराचसा भाग ग्लुकोजमध्ये बदलतो. प्रमाणाबाहेर आलं तर त्यातल्या काहीची चरबीही होते. ग्लुकोजपैकी काही यकृत ठेवून घेतं, बाकीचं रक्तात सोडतं.

आता एक आकडा सांगते, तो ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांनी आ वासला होता. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती असावं? सुमारे पाच ग्रॅम. चहाचा एक चमचाच म्हणा ना! आणि आपल्या पंचवीस मण्यांत तर चार चमचे साखर आहे. सगळी रक्तातच साठली तर?

साठत नाही, कारण स्वादुपिंड पहारा देत असतं. रक्तात ग्लुकोज वाढायला लागलं की ते इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन म्हणजे किल्ली. ती स्नायूंची दारं उघडते, साखर आत जाते, लागेल तेवढी वापरली जाते. उरलेली पुन्हा साखळीत ओवून यकृतात आणि स्नायूंत ठेवली जाते. तुम्ही खो-खो खेळताना तीच कामाला येते.

काही मुलांच्या शरीरात ही किल्ली तयारच होत नाही. पूर्वी अशी मुलं वाचत नसत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पहिलं औषध तितकं शुद्ध नव्हतं. थोड्याच दिवसांत अधिक शुद्ध औषध मिळालं आणि तो सावरला. तो पुढे तेरा वर्षं जगला. (आमच्याकडच्या 'थॉम्पसन सीडलेस' द्राक्षाचा थॉम्पसन मात्र दुसरा. तो कॅलिफोर्नियातला बागाईतदार विल्यम थॉम्पसन. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण शिकवताना मला दरवेळी गंमत वाटते.)

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. वर्ष सुरू झालं तेव्हाच तिच्या आईने मला सगळं नीट समजावून सांगितलं. घरी इन्सुलिन टोचून ती शाळेत यायची. द्राक्षाच्या दिवसांत तिची आई डब्यात मोजून बारा मणी द्यायची. बाराच का? तर इन्सुलिनचा हिशेब तेवढ्या साखरेचा केलेला. सुरुवातीला मुलं तिला चिडवतील अशी मला धास्ती होती. झालं भलतंच. तिच्या मैत्रिणी तिच्याबरोबर स्वतःचेही मणी मोजायला लागल्या, आणि बारा मणी कोण सर्वांत सावकाश खातं अशी शर्यत लागायला लागली!

एकदा खेळाच्या तासाला ती खाली बसली. घाम फुटलेला, हात कापत होते, काय बोलते ते कळेना. इथे उलटं झालं होतं. धावपळीत रक्तातली साखर फार खाली गेली होती. कपाटात तिच्यासाठी फळांच्या रसाचा छोटा डबा ठेवलेला असायचा. तो तिला पाजला. पंधरा मिनिटांत ती हसायला लागली. मग आम्ही तिला पोळी-भाजी खायला लावली आणि तिच्या आईला फोन केला.

पालकांनो आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात असं मूल असेल तर एवढं माहीत असू द्या. साखर उतरल्याची लक्षणं दिसली आणि मूल शुद्धीवर असेल, तर पाण्यात तीन चमचे साखर किंवा अर्धा पेला फळांचा रस लगेच द्या. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

त्या वेळी मी तिला द्राक्षं का नाही दिली? इथेच त्या नामी प्रश्नाचं उत्तर आहे.

खाल्लं काय अन् पिलं काय

रस घशाखाली उतरायला चावावं लागत नाही, जठरातही तो फार वेळ थांबत नाही. साखर घाईने हवी असते तेव्हा रसच बरा. पण रोज रोज अशी घाई कशाला?

१९७७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे डॉक्टरांनी दहा निरोगी माणसांना एकदा सफरचंदं, एकदा त्यांचा कुस्करा आणि एकदा त्यांचा रस दिला. साखर तिन्ही वेळी सारखीच. रस पिऊन संपला तो सफरचंदं खाण्याच्या अकरापट वेगाने! रसाने पोट भरल्यासारखं वाटलं नाही, इन्सुलिन जास्त सुटलं आणि नंतर रक्तातली साखर घसरून खालीही गेली. म्हणजे पुन्हा भूक. १९८१ मध्ये त्यांनी हेच संत्री आणि द्राक्षांवर करून पाहिलं. संत्र्याचं उत्तर सफरचंदासारखंच आलं. द्राक्षाने मात्र चकवलं. रसापेक्षा अख्ख्या द्राक्षांनी इन्सुलिन जास्त सुटलं! मुळात द्राक्षात धागे कमी, १०० ग्रॅममागे एक ग्रॅमदेखील नाहीत. पेरूत पाचच्या आसपास असतात. एका फळाचा नियम दुसऱ्याला डोळे मिटून लावता येत नाही. पोट भरल्याची जाणीव मात्र द्राक्षांतही रसापेक्षा अख्ख्या फळानेच जास्त आली.

तुम्हीही घड्याळ लावून बघा. पन्नास मणी एकेक करून चावून खायला किती वेळ लागतो, आणि तेवढाच रस एका पेल्यात किती घोटांत संपतो. पन्नास मणी म्हणजे आठ चमचे साखर. कुणी तुम्हाला आठ चमचे साखर एका पेल्यात ढवळून दिली तर आई ओरडेल. रसाच्या रंगीत डब्याला ती ओरडत नाही, कारण वर फळाचं चित्र असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. अख्ख्या फळातली साखर त्या रांगेत नाही.

आणि आजोबांचं काय? अमेरिकेत १ लाख ८७ हजारांहून अधिक लोकांच्या खाण्यापिण्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी २०१३ साली तपासल्या गेल्या. ज्यांच्या खाण्यात अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं जास्त होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते वाढलेलं दिसलं. पण ही माहिती मधुमेह नसलेल्यांची. ज्यांना तो आधीच आहे त्यांची किल्ली मंद चालते, दारं कुरकुरतात. एका वेळी दहा-बारा मणी आणि किलोभर द्राक्षं यांत त्यांच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून 'आजोबांनी द्राक्ष खायचंच नाही' की 'मोजून खायचं', हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. नातवंडांनी विचारावं, आजोबा स्वतः विचारत नाहीत असा माझा अनुभव आहे!

बेदाण्याच्या बाबतीत तर विशेष सांभाळायचं. चार किलो द्राक्षं वाळवली की किलोभर बेदाणे होतात. पाणी उडून जातं, साखर तेवढीच. मूठभर बेदाणे सहज तोंडात जातात, पण तेवढीच द्राक्षं घेतली असती तर ओंजळ भरून वाहिली असती. शिवाय बेदाणे दातांना चिकटतात, आणि तोंडातल्या जिवाणूंनाही साखर आवडते. खाल्ल्यावर चूळ भरा.

बागेत गेलात तर घडाचा मणी तोडून तसाच तोंडात टाकू नका, फवारणी झालेली असते. घरी आणून वाहत्या पाण्यात नीट धुवा. आणि घरात पाच वर्षांखालचं भावंडं असेल, तर त्याला अख्खा मणी कधीही देऊ नका. गोल, गुळगुळीत मणी श्वासनलिकेच्या तोंडाशी घट्ट बसतो. त्याच्यासाठी प्रत्येक मणी उभा कापून चार फोडी करायच्या, आणि ते खाईपर्यंत शेजारी बसायचं.